अक्काची सहा पानं

"ते कुलूप काढून टाक गं, फाईल उघडेपर्यंत माझा चहा निवतो," देवगडहून अक्का फोनवर जयवंतच्या लेकीला म्हणाली.

दीपगृहात नोकरी केलेल्या वडिलांच्या आठवणी अक्का आणि नागपूरला राहणारा तिचा भाऊ जयवंत मिळून लिहीत होते. लेकीने दूरच्या सर्व्हरवरचा एकच फोल्डर दोघांच्या कॉम्प्युटरला जोडून दिला होता. एक जण लिहीत असला की फाईलला कुलूप लागे आणि दुसऱ्याला थांबावं लागे.

"काढते, मग झटकन उघडेल. पण दोघांनी एकदम लिहिलंत, तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचंच उरेल," लेकीने बजावलं.

आठवड्याच्या आत तसंच झालं. वादळावर अक्काने लिहिलेली सहा पानं जयवंतने सेव्ह करताच पुसली गेली. लेकीने कुलूप परत लावलं, पण पानं काही मिळाली नाहीत.

"चुकलंच माझं, अक्का." जयवंतचा आवाज कापरा झाला.

"वेडा आहेस. मी सांगते, तू लिही."

अक्का सांगू लागली. त्या वादळात वडील होडीत अडकले होते, तेव्हा आठ वर्षांच्या अक्काने तापाने फणफणलेल्या तान्ह्या जयवंतला दिवसभर मांडीवरून उतरवलं नव्हतं. टाईप करता करता तो थांबला.

"हे त्या पानांत होतं?"

"नव्हतं रे. आत्ता तुझा आवाज ऐकला आणि आठवलं."