मीठ-मोहऱ्या

तिन्हीसांजेला हेमांगी मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन पलंगापासून हातभर लांब उभी राहिली. तिची पाच वर्षांची लेक शर्वी मऊ जुनेरावर पडली होती.

जन्मापासून शर्वीला स्पर्शच कळत नव्हता. चटका बसला तरी पोर खेळतच राहायची. म्हणून हेमांगीनं तिला डॉक्टरांकडचे नवे थेंब दिले, मज्जापेशींना ‘फांद्या फुटू द्या’ असा निरोप देणारे. फांद्या फुटल्या. गालाची पापी घेतली तेव्हा शर्वी पहिल्यांदाच गुदगुल्या होऊन हसली. पण पेशी थांबेनात. फांद्यांना फांद्या फुटत गेल्या, आणि आता नुसतं बोट लागलं तरी ती किंचाळायची.

“‘पुरे’ हा निरोप अजून आम्हालाच सापडलेला नाही,” डॉक्टर म्हणाले होते.

दृष्ट-बिष्ट हेमांगी मानत नसे. पण अंगाला हात न लावता करता येईल असा तेवढाच लाड उरला होता.

“आज पूर्ण काढ हं. काल घाईनं आटपलंस.”

“हो गं राणी. आल्यागेल्याची, शेजारणीची...”

“डॉक्टरकाकांची पण!”

हेमांगी हसली आणि मूठ ओवाळू लागली. शर्वीनं ओठ घट्ट मिटले. तिचे डोळे भरून आले.

हेमांगीचा हात थबकला. पोरीला हाताचा वारा दुखत होता.

“थांबू नकोस ना, आई. मी नाही रडणार.”

हेमांगी एकेक पाऊल मागं सरत दारापर्यंत गेली. मूठ छातीशी धरून पुढचं नुसतं पुटपुटू लागली.

“ऐकू येत नाही,” शर्वी म्हणाली. “जवळ ये ना.”