तळव्यावरची तीट

"मशीनला हात लावाल तर बाहेर काढीन," गावंडे सिस्टर खेकसल्या.

शाल्मली खाटेपासून हलली नाही. जुलाबांनी सुकलेल्या तिच्या तान्ह्या रेवाला सलाईन किती द्यायचं, ते पायाच्या तळव्याला चिकटवलेला सेन्सर कातडीचा रंग बघून ठरवत होता. तळवा लालसर झाला की मशीन थांबणार होतं, पण ते थांबेना. रेवाच्या पापण्या सुजल्या, छाती घरघरू लागली.

"अहो, सलाईनच्या पाण्यानं बुडतेय ती! पूर्वीच्या नर्सा बघायच्या तसं अंगठ्यानं दाबून बघा ना, रंग परत येतो का!"

"मशीन रोज ढीगभर पोरं बघतं. तुम्ही कोण मोठ्या डॉक्टर लागून गेलात?"

शाल्मलीनं सरळ सेन्सर उपटला. खाली काजळाची तीट होती. नजर लागू नये म्हणून सकाळी तिनंच लावलेली. काळं दिसतंय तोवर रक्त पोचलेलं नाही, असं समजून मशीन पाणी ओततच राहिलं होतं.

सिस्टरांनी घाईनं सलाईन बंद केलं. "एवढ्या शिकलेल्या, आणि पोरीला काजळ फासता?"

"फासलं. चुकलं माझं. आता तरी दाबून बघा."

सिस्टरांनी अंगठा तळव्यावर टेकवला आणि तो तिथंच अडला.

"किती वेळ दाबायचं असतं?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.