खणखणीत की बद्द

मुबांगा आंब्याखाली चटईवर लोळत मोबाईलवरच्या खेळात चंद्र खणत होती. यानाला मोठं इंजिन बसवायचं, तर आधी ढीगभर लोखंड आणि निळे स्फटिक गोळा करायला हवेत. अंगठा एकसारखा चालला होता, डोळे भलतीकडेच होते आणि दोन्ही कानांत गाणी.

चितांबो पायरीवर शेंगा सोलत बसला होता. त्याची ही लेक उद्या सकाळच्या पाळीला पहिल्यांदा तांब्याच्या खाणीत उतरणार होती, आणि तेही, तो स्वतः उभं आयुष्य जिथे राबला त्याच खाणीत. दुपारी चर्चमधून आल्यावर मक्याच्या पिठाच्या न्शिमाचं ताट त्याने तसंच परत पाठवलं होतं. भीती त्याला नवी नव्हती. पण स्वतःच्या जिवाची भीती वेगळी आणि पोरीच्या जिवाची वेगळी.

"कंटाळा नाही का गं येत?" त्याने विचारलं.

तिने एका कानातलं काढलं. "काय म्हणालात?"

"म्हटलं, केव्हाची दगडच फोडतेयस."

"येतो की कंटाळा. म्हणून तर गाणी लावायची, बाबा. अंगठा त्याचं काम करतो, मी माझ्या गाण्यात. ढीग कधी जमला ते कळतसुद्धा नाही."



"आणि वरून छत कोसळलं तर?"

"चंद्रावर कसलं आलंय छत!" ती हसली. "आणि मेलेच, तर पुन्हा पहिल्यापासून. फार तर गोळा केलेला माल जातो."

शेंगांची परडी तशीच टाकून तो उठला आणि दारामागची पहार घेऊन आला.

"ऊठ. माझ्याकडे पाठ करून उभी राहा."

"अहो बाबा, हे सगळं शिकवलंय आम्हाला. छताला पहार ठोकायची. खणखणीत वाजलं तर खडक घट्ट, बद्द वाजलं तर पोकळ, मग तिथे थांबायचं नाही. तोंडपाठ आहे मला."

"तोंडाला पाठ असेल. कानाला आहे का बघू दे. ऊठ, माझे आई."

ती कुरकुरत उठली. त्याने पायरीच्या सिमेंटवर पहार ठोकली.

"घट्ट."

मग पाण्याचं अर्धं पिंप.

"पोकळ. हे तर शेंबडं पोरही सांगेल."

मग कुंपणाजवळचं वारूळ. ती क्षणभर थांबली. "वरून घट्ट वाटतंय, पण आत पोकळ आहे."

सकाळपासून पहिल्यांदाच चितांबोला मोकळा श्वास घेता आला. पोरीला कान होता. देवाने तेवढं दिलं होतं.

"काय चितांबो, अंगणातच तांबं लागलं काय?" कुंपणापलीकडून शेजारी ओरडला. "आमच्या हिश्श्याचं ठेव रे थोडं!"

चितांबो पुन्हा पायरीकडे आला.

"घट्ट."

भिंत.

"घट्ट."

पुन्हा पायरी, पुन्हा भिंत, पुन्हा पायरी. मुबांगाने जांभई दिली. "बाबा, पुरे ना आता. तेच तेच किती वेळ?"

"खाली अख्खी पाळीभर हेच करायचंय."

"घट्ट," ती म्हणाली. "घट्ट. घट्ट."

ऊन कलायला लागलं होतं. पहारीच्या वजनाने त्याचे दंड भरून आले, तरी थांबायचा त्याला धीर होईना. मुबांगा आता गाणं गुणगुणायला लागली होती आणि पायाने ठेका धरत होती. चितांबो पाय न वाजवता पुन्हा वारुळापाशी गेला. दोन्ही हातांनी त्याने पहार उचलली.

"घट्ट," मुबांगा म्हणाली.

पहार अजून हवेतच होती.