रविवारचा बिघाड

"बाबा, जरा बाजूला व्हा. खोकं जड आहे."

सासऱ्यांनी दार पूर्ण उघडलं, पण बाजूला झाले नाहीत. "हे काय आणलंत?"

"नवीन कॉम्प्युटर. आता तुमची कटकट कायमची मिटली."

"आणि जुन्याला काय झालंय?"

"तुम्हीच सकाळी फोन केलात ना, पडदा काळाच राहतोय म्हणून."

"म्हणून लगेच नवा? उद्या गुडघा दुखतो म्हटलं तर पाय नवा आणाल, जावईबापू."

जावयाने खोकं टेबलाशेजारी टेकवलं. त्याच्या खिशात ऑफिसचं पत्र होतं. दूरच्या शाखेत बदली त्याने स्वतःच मागून घेतली होती. उद्या सकाळी होकार कळवायचा होता. तिथे एक खोली मिळणार होती. दार लावलं की हाक मारायला कोणी नाही. बायको जाऊन चौदा महिने झाले होते आणि आता त्याला एवढंच हवं होतं.

अडत होतं ते या म्हाताऱ्या माणसापाशी. बायको ही त्यांची एकुलती एक मुलगी. सासूबाई तर तिच्या लहानपणीच गेलेल्या. अशा माणसाला टाकून जायचं जावयाच्या जिवावर आलं होतं. सहसा न बिघडणारं यंत्र बसवून दिलं की आपण मोकळे, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

कारण गेले तीन महिने दर रविवारी काहीतरी बिघडायचंच. कधी माउस मरायचा. कधी आवाज जायचा. कधी अक्षरं एवढी मोठी व्हायची की पडद्यावर एकच शब्द मावायचा. मागच्या रविवारी तर अख्खं चित्र उलटं झालं होतं, वरचं खाली.

"हे कसं केलंत, बाबा?"

"मांजर फिरलं असेल त्या बटणांवरून."

"तुमच्याकडे मांजर कुठंय?"

"शेजारणीचं येतं."

सासऱ्यांनी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात घालवली होती. पण कॉम्प्युटरचं नाव काढलं की हात झटकायचे. म्हणायचे, "तारेचं वेगळं. तार सरळ असते. हे यंत्र लबाड आहे."

दुरुस्ती पाच मिनिटांत व्हायची. मग ते कोट अडकवून तयार. "आलाच आहात तर सिनेमाला चला. एकट्याने गेलं की शेजारची खुर्ची खायला उठते."

सिनेमात ते निम्मा वेळ पेंगायचे. ऐकायचं यंत्र बहुतेक घरीच विसरलेलं असायचं. बाहेर आल्यावर विचारायचे, "काय होती हो गोष्ट?" मग चौकातल्या हॉटेलात पोचेपर्यंत जावयाला अख्खी गोष्ट सांगावी लागायची. आठवडाभरात तो एवढं कुणाशीच बोलत नसे.

हॉटेलात त्यांचं खिडकीजवळचं टेबल. मागवताना सासऱ्यांचा हात सैल. वेटर म्हणायचा, "आजोबा, आणखी कोणी येणार आहे का?" आणि वाफाळती भांडी समोर आली की दोन घास खाऊन ते सगळं पलीकडे सरकवायचे. "मला आता एवढं जात नाही. टाकायचं का? अन्न आहे." मग जावईच जमेल तेवढं खायचा.

एकदा त्याने त्यांना विचारलं होतं, "बाबा, आई गेल्या तेव्हा तुम्ही कसे राहिलात?"

ते बराच वेळ चमचा पुसत बसले. "सकाळी सातला पोरीची वेणी घालायची असायची. मला यायची नाही. पण शाळा थोडीच थांबते? मग उठावंच लागायचं."

मागच्या रविवारी सिनेमात एक जाडा हवालदार चोरामागे धावता धावता स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडकून पडला. जावई मोठ्याने हसला. स्वतःच्याच आवाजाने दचकला. वळून बघतो तर सासऱ्यांची नजर पडद्यावर नव्हती, त्याच्यावर होती.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. मला ऐकू आलं नाही ना, म्हणून बघितलं. तुम्ही बघा."

आता ते नव्या खोक्यावर हात ठेवून उभे होते. "हे उघडू नका. आधी जुन्याकडे बघा तरी."

"बाबा, मला इथून पुढे दर आठवड्याला जमेलच असं नाही."

"का? पाहुणे येतात?"

"बदली होतेय. मीच मागितली."

सासऱ्यांनी हात काढून घेतला. "कधी?"

"उद्या होकार कळवायचाय."

"हं." ते आत वळले. "चहा टाकतो. साखर कमी ना?"

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. जावई जुनं यंत्र काढायला वाकला. मागे पडद्याची वायर सुटून लोंबत होती. एवढंच झालं होतं. ती बाजूला करून त्याने कीबोर्ड उचलला. खाली चार घड्यांचा एक कागद होता.

अक्षर सासऱ्यांचं, खात्यातल्या सवयीचं, रेघ आखून लिहिलेलं. डावीकडे तारखा, सगळ्या रविवारच्या. तारखांपुढे एकेक ओळ. माउसची वायर. आवाज बंद. अक्षरं मोठी. चित्र उलटं. आजच्या तारखेपुढे होतं, पडद्याची वायर. त्याखालीही तारखा होत्या, वर्ष संपेपर्यंतच्या, आणि प्रत्येक तारखेपुढे बिघाड लिहून तयार होता.

उजवीकडे आणखी एक रकाना होता. तो मागच्या रविवारपर्यंतच भरलेला होता. जावयाने तो वरून खाली वाचत आणला.

नुसतं पाणी.

सूप, दोन चमचे.

सूप अर्धं.

सूप अर्धं.

सूप, एक पाव.

असं करत करत शेवटची ओळ आली.

सूप, दोन पाव, भात सगळा. सिनेमात हसला.