हलली नाही ती

"एवढ्या पट्ट्या लाव, मग जा, ज्योत्स्ना," सर काकुळतीला आले होते. "उद्या इथं सुरुंग उडणार आहेत."

खाणीत सापडलेल्या डायनासोरच्या अंड्यांवर, ती न फुटता उचलता यावीत म्हणून, प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या तिच्याइतक्या घट्ट कुणालाच बसवता येत नसत. पण आज तिचं लक्ष घराकडे लागलं होतं. सासूचा तिसरा फोन येऊन गेला होता. तान्ह्या लेकीचा ताप उतरत नव्हता, सकाळी ती अंगावर प्यायलीही नव्हती.

एवढ्यात माती झाडणारा सरांचा ब्रश थांबला. अंड्यांच्या दोन्ही बाजूंना दुमडलेल्या पायांची हाडं होती.

"आई आहे ही! गाळात गाडली गेली, पण लेकरांना सोडून हलली नाही गं!" सरांचे डोळे भरून आले.

प्लास्टरनं भरलेले हात तसेच घेऊन ज्योत्स्ना उठली.

"मंग मले काऊन अडवून ठेवलं, सर?"