फारच गुणी चाक

उणे दोनशे अंशांच्या टाकीत दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातलं फिल्टरचं चाक हजार वेळा फिरलं आणि एकदाही अडखळलं नाही, तेव्हा इरावतीबाई खूश व्हायचं सोडून खुर्ची ओढून टाकीसमोरच बसल्या. पहिल्या फटक्यात पास झालेलं चाक त्यांनी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. उद्या ते डोंगरावरच्या दुर्बिणीकडे रवाना व्हायचं होतं. तिथे अडकलं तर दोन वर्षं कुणाला उघडता येणार नव्हतं.

“दृष्ट लावाल, मॅडम,” फिटर शेडगे हसले.

“थर्मामीटर चाकावरच लावलाय ना?”

“चाकावर कसा लावू? फिरताना वायर गुंडाळली जाते. टाकीच्या भिंतीला लावलाय.”

म्हणजे उणे दोनशे होती ती भिंत. टाकीत हवा नाही. चाकापर्यंत थंडी पोचणार ती बेअरिंगच्या छऱ्यांतून, मुंगीच्या पावलांनी. बाईंनी रवानगी थांबवली आणि चार दिवस टाकीला कुणाला हात लावू दिला नाही.

पाचव्या दिवशी चाक अर्ध्या फेरीतच अडकलं. शेडग्यांचा चेहरा उतरला.

“एक थेंब तेल सोडलं होतं बेअरिंगमध्ये,” ते पुटपुटले. “थंडीत गोठतं, ठाऊक आहे. पण तीस वर्षांची सवय, मॅडम. कोरडं बेअरिंग बसवायचं जिवावर येतं.”

बाईंनी आठवड्यात पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

“उघडा, पुसून काढा,” त्या म्हणाल्या. “आणि परत बसवण्याआधी इकडे या. तुमची बोटं हुंगणार आहे मी.”