ओला की सुका

दवाखान्यातून आणलेली नुकत्याच जन्मलेल्या नातवाची वार पुरायला जावई शैलेश शेवग्याखाली खणत होता, तेव्हा कुदळीला काहीतरी चिवट अडकलं. माती झटकल्यावर सगुणाबाईंनी ते ओळखलं. थोरल्या नातीची वार होती ती. चार वर्षांपूर्वी त्यांनीच इथे पुरलेली. आता ती रेनकोटच्या तुकड्यासारखी दुधी आणि गुळगुळीत झाली होती, पण कुजली मात्र नव्हती.

"वार मातीत मुरली की पोर रुजतं, असं आई म्हणायची," त्या हळूच म्हणाल्या.

दोन्ही घेऊन शैलेश दाराशी आलेल्या घंटागाडीकडे गेला आणि ओल्या कचऱ्याचं झाकण उचलू लागला.

"त्यात नको, दादा," गाडीवरची शोभा म्हणाली. "खतातली गांडुळं मरतात. हल्ली वार सुक्यातच घेतो आम्ही, प्लास्टिकबरोबर."

"अगं, माणसाचं आहे ते," सगुणाबाई म्हणाल्या.

"माहीत आहे, मावशी. माझ्या धाकट्याचीही सुक्यातच गेली."

गाडी पुढे गेली. सगुणाबाईंनी रिकामा खड्डा बुजवला आणि सवयीने त्यावर तांब्याभर पाणी ओतलं.